सर्व्हरमधली हडळ

रेश्मा गेल्याचं कल्याणच्या इस्पितळातून कळलं आणि त्याच दुपारी धसईजवळच्या भातगिरणीतला सर्व्हर बंद पडला. वजन, पावत्या, सगळं त्या जुनाट पेटीवर चालायचं, आणि पेटी रेश्मा सांभाळायची. रेश्मा हडळ होऊन पेटीत शिरली म्हणायला लोकांना एवढं पुरलं. पुढे रोज दुपारी पेटी बंद पडू लागली. बाहेर भाताचे टेंपो, आत बघ्यांची गर्दी.

मालकाने महिपत भगताला आणलं. त्याने पेटी बंद ठेवायला लावली, अंगारा फुंकला, तासभर घुमला. मग बटण दाबलं तर पेटी सुरू. लोकांनी हात जोडले. महिपतने तिला लाल फडकं घट्ट गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच बंद पडली.

"हडळ चवताळलीय," महिपत रेश्माच्या नवऱ्याला म्हणाला. "साईनाथ, तुझ्या उंबऱ्यात खिळा ठोकायला लागल. नायतर ती पोरीला धरल."

त्याच दिवशी शेजारणींनी साईनाथच्या पोरीला अंगणातून हाकललं. साईनाथ तडक शहापूरला गेला आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कुणालीला घेऊन आला.

तिने आधी फडकं सोडलं. "भगत, तुमी घुमता तवर पेटी गार होते. तुमच्या जागी कोंबडं घुमलं असतं तरी चालू झाली असती."

मग तिने एकेक भाग तपासला. वीज बरोबर होती, मेमरी बदलली तरी फरक नव्हता. झाकण काढलं तर आतला पंखा भाताच्या तुसाने जाम. पेटी तापली की जळू नये म्हणून आपणच बंद होते, असं तिने सांगितलं. "पण हा पंखा कधीचाच मेलाय. मग इतके दिवस चालली कशी?"

साईनाथला कळलं. रेश्मा टेबलफॅन पेटीकडे वळवून ठेवायची आणि स्वतः घामाने भिजायची. ती इस्पितळात असतानाही तो तसाच चालू होता. ती गेल्याचं कळताच मालकानेच तो साईनाथच्या घरी पाठवला, भेटायला येणाऱ्या माणसांसाठी. अजून तो तिथेच, पडवीत फिरत होता.

साईनाथने तो आणून पेटीसमोर लावला. संध्याकाळपर्यंत पेटी चालली.

"हडळ वाऱ्याला भ्याली," महिपत म्हणाला.

"गप रे," साईनाथ म्हणाला. मग गर्दीकडे वळला. "पेटी का बंद पडते ते आधी बघायचं. मेलेल्या बाईला नावं ठेवायला अक्कल लागत नाय."

पुढच्या आठवड्यात कुणालीने आतला पंखा बदलला. शेजारणींनी पोरीला अजून अंगणात बोलावलेलं नाही.