ओल्या हाताचा डाव

मित्रांनो, बडोद्यात अकोट्याला दळव्यांच्या घरी कधी गेलात आणि कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभं असलेलं काहीतरी चौकोनी दिसलं, तर मोडकं टेबल म्हणून नाक मुरडू नका. तो मी आहे, एक जुना कॅरम. जुना असलो तरी चौकट अस्सल शिसवी आहे बरं का! हल्ली पुठ्ठ्यासारखे हलके कॅरम मिळतात, त्यांच्या पंगतीला मला बसवू नका. तेवढा मान राखा, बाकी माझी काही तक्रार नाही.

माझा जन्मही बडोद्यातच, सयाजीगंजजवळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिरानं मला घासून घासून असा गुळगुळीत केला, की माशी बसली तरी घसरावी. चार कोपऱ्यांना जाळ्या बांधल्या, मधोमध लाल गोल काढला आणि मी दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघत उभा राहिलो. देशात नवनव्या कंपन्या येणार, अशा बातम्या पेपरात झळकत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. रिफायनरीत नोकरीला असलेले विश्राम दळवी एका रविवारी आले, मला बोटानं टिचकी मारून पाहिली आणि घेऊन निघाले. रिक्षात मी दोन्ही बाजूंनी बाहेर आलो. ‘साहेब, आ तो आखो पलंग छे!’ हा तर अख्खा पलंग आहे, असं म्हणत रिक्षावाला विश्वामित्रीच्या पुलापर्यंत कुरकुरत होता.

काय दिवस होते ते! रविवारी जेवणं झाली, की मला दिवाणखान्यात आडवा करायचे. कूलरची घरघर, ताकाचे पेले, बोरिक पावडरचा वास आणि चारही बाजूंनी माणसं. शेजारच्या गुजराती मावशी नुसत्या बघायला यायच्या आणि राणी जाळीत पडली की सगळ्यांत आधी त्याच ओरडायच्या. आज ते आठवलं, की जीव कासावीस होतो हो.

दळव्यांची एकुलती एक मुलगी मोहना. तिनं पहिल्यांदा माझ्यावर हात टेकवला, तेव्हा मी दचकलोच. नळाखाली हात धरून पोर तशीच आली की काय, असं वाटलं. पावडरचा लगदा झाला आणि स्ट्रायकर अर्ध्या वाटेत थबकला. तिच्या आईनं, सुनेत्राबाईंनी, पदरानं तिचा हात पुसला. बघता बघता तो पुन्हा ओला. उन्हाळा असो, थंडी असो, मोहनाच्या तळहातांना सदैव घाम. शाळेत उत्तरपत्रिका भिजायची आणि शाई पसरायची. मंगळागौरीला फुगडी खेळताना हात निसटून तिची मावसबहीण आपटली, तेव्हापासून फुगडीला तिचा हात कुणी धरेना. प्रसाद घ्यायलाही ती वाटी पुढे करायची.

आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘घाबरू नकोस गं!’ आई म्हणायची, बाबा म्हणायचे, शाळेतल्या बाई म्हणायच्या. पोर भित्री आहे, म्हणून हाताला पाणी सुटतं, हे जणू ठरूनच गेलं होतं. भीड चेपावी म्हणून दळव्यांनी तिचं नाव दरवर्षी वक्तृत्व स्पर्धेत घातलं. बिचारी भाषण करून यायची, बक्षीसही आणायची, तरी हात ओलेच. मग म्हणायचे, अजून थोडी भीती आहे.

मला मात्र राग यायचा. अहो, हात टेकतात माझ्यावर, घाबरलेला हात कोणता ते मला कळणार की तुम्हाला? घाबरलेलं बोट आखडतं, लटपटतं, फटका नको तेव्हा सुटतो. मोहनाचा हात ओला असायचा, पण दगडासारखा स्थिर. पण मी लाकूड पडलो, सांगणार कसा?

आमच्या वसाहतीतल्या मराठी मंडळात गणपतीत कॅरमच्या स्पर्धा होत. मंडळाचा स्वतःचा कॅरम म्हणजे पोक आलेली फळी, त्यामुळे दरवर्षी मलाच उचलून नेत. स्पर्धेत जो पहिला येई, तो आपल्या पसंतीचा जोडीदार घेऊन सयाजीगंजच्या आंतरमंडळ स्पर्धेला जाई. पहिले कायम पिलाजीराव. त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, त्यामुळे बोलणं ऐटीचं आणि शर्टाला कडक इस्त्री. प्रत्येक फटक्याआधी चष्मा काढून पुसायचे, मग डोळा बारीक करून नेम धरायचे. खेळ मात्र देखणा, खोटं कशाला बोलू?

मोहनाला एकदा तरी त्या जोडीत जायचं होतं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतंच. चौदाव्या वर्षी तिनं नाव दिलं आणि पहिल्याच सामन्यात समोर पिलाजीराव आले. खेळण्याआधी हात मिळवायची पद्धत. मोहनानं हात मागे घेऊन नमस्कार केला. पोर शिष्ट आहे, असं त्यांना वाटलं असावं. खेळ सुरू झाला, तिनं सोंगट्या घेतल्याही भराभर, पण तिचा हात टेके तिथे चिखल होऊ लागला. पिलाजीरावांनी दोन बोटांच्या चिमटीत रुमाल धरून मला पुसलं आणि मोठ्यानं म्हणाले, ‘अगं, डोळ्यांनी रडायचं सोडून हातांनी रडतेस की काय?’

सगळा मंडप हसला. मोहना हरली. सामना संपल्यावर तिला ऐकू जाईल अशा आवाजात ते कुणाला तरी म्हणाले, ‘खेळते बरी, पण असल्या घाबरट हाताला सयाजीगंजला नेऊन काय करू?’

पुढची दोन वर्षं गणपती आले, की मोहनाच्या पोटात दुखायचं. नाव द्यायची वेळ टळली, की पोट बरं. घरी मात्र दुपारी एकटीच माझ्यासमोर बसायची आणि चारही बाजूंनी स्वतःच खेळायची. तिचं मन माझ्यावरून कधी उडालं नाही, हे मला फार बरं वाटायचं.

मग एका हिवाळ्यात गंमत झाली. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, जवळ आली होती, गच्च्यांवर पतंगांचा आरडाओरडा चालला होता. दळवी स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून मोहनाशी खेळायला बसले. मोहना आरामात मांडी घालून गुणगुणत खेळत होती, एकामागून एक सोंगटी जाळीत जात होती, आणि तळहातातून पाणी निथळत होतं. दळवी बघतच राहिले.

‘अगं, तू गाणं गुणगुणतेयस!’

‘मग?’

‘म्हणजे... तू घाबरलेली नाहीस?’

मोहनानं मान वर केली. ‘बाबा, मी घाबरले असं मी कधी म्हटलंय? तुम्हीच सगळे म्हणता.’

‘मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?’

‘बोलले असते तर म्हणाला असतात, बघा किती घाबरलीये, कबूलसुद्धा करत नाही.’

दळव्यांचा पुढचा फटका पार वाया गेला. त्यांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाले, ‘चुकलं गं आमचं.’

त्या आठवड्यात ते तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, काही जणांच्या तळहातांना इतरांपेक्षा खूपच जास्त घाम येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि हा भित्रेपणा तर मुळीच नाही. रात्री लावायला औषध दिलं. थोडा फरक पडला, पण हात कोरडा असा झाला नाही. सुनेत्राबाई हिरमुसल्या. मोहना म्हणाली, ‘आई, हात असाच राहणार असेल, तर याच हातानं खेळायचं. दुसरा आणू कुठून?’

मग तिनं आपली रीत बसवली. मांडीवर नॅपकिन. आधी हात पुसायचा, मग फक्त बोटांची टोकं टेकवून फटका मारायचा, मग माझी ओली जागा पुसायची. आधी वेळ लागे, पुढे ते सगळं इतकं सहज होऊ लागलं, की मलाही कळेना पुसलं केव्हा आणि मारलं केव्हा.

गणपती आले. मोहनानं नाव दिलं आणि जिंकत जिंकत अंतिम सामन्याला पोहोचली. आधीच्या सामन्यांत समोरची मुलं तिच्याच वयाची होती, नॅपकिनकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. आता समोर पिलाजीराव, भोवती अख्खी वसाहत. पंच होते मंडळाचे चिटणीस फत्तेसिंहराव.

मोहना बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, ‘सुरू करण्याआधी एक सांगायचंय.’ मित्रांनो, तिचा गुडघा माझ्या चौकटीला टेकला होता आणि तो लटलट कापत होता. खरी भीती तिला त्या घडीला वाटत होती, खेळायची नव्हे, बोलायची.

‘माझ्या हाताला खूप घाम येतो,’ ती म्हणाली. ‘घाबरून नाही, तो येतोच. दर फटक्याला मला हात पुसावा लागेल आणि बोर्डही. चालेल ना?’

पिलाजीराव म्हणाले, ‘अहो, अशानं रात्र होईल!’

‘काका, तुम्ही दर फटक्याला चष्मा पुसता,’ मोहना म्हणाली. ‘तेवढ्याच वेळात माझा हात पुसून होतो.’

असा हशा उसळला म्हणता! फत्तेसिंहराव हसू दाबत म्हणाले, ‘हात कोरडाच हवा, असा नियम माझ्या तरी वाचनात नाही. चालशे, चालशे. बसा दोघं.’

काय सामना झाला तो! कधी हे पुढे, कधी ती. शेवटच्या डावात राणी आणि दोघांची एकेक सोंगटी उरली. मोहनानं राणी घेतली, पण पाठोपाठ सोंगटी घेऊन कव्हर द्यायचा फटका केसाएवढा हुकला. राणी परत मधोमध आली. आता पिलाजीरावांची पाळी. त्यांनी चष्मा पुसला, हात टेकवला. हात ठणठणीत कोरडा, आणि बोट? बोट थरथरत होतं हो! स्ट्रायकर मागे-पुढे सरकवत ते कितीतरी वेळ बसले. पण जुना खेळाडू तो. राणी घेतली, पाठोपाठ सोंगटीही घेतली आणि सामना जिंकला.

टाळ्या झाल्या. मोहना नॅपकिनची घडी घालत होती. फत्तेसिंहरावांनी विचारलं, ‘पिलाजीराव, सयाजीगंजला जोडीदार कोण?’

‘मोहना.’

मागून कुणीतरी बोललं, ‘अहो, तिचा हात बघितलात ना? तिथे परक्या लोकांसमोर पाणी पाणी होईल.’

पिलाजीराव वळले. ‘बघितला ना. शेवटच्या फटक्याला बोट माझं लटपटत होतं. तिचा हात नुसता ओला होता.’

आणि त्यांनी हात पुढे केला. मोहना सवयीनं नमस्कार करायला दोन्ही हात जोडत होती, ती मध्येच थांबली. ‘ओला आहे हं, काका.’

‘असू दे गं,’ ते म्हणाले आणि तिचा हात त्यांनी घट्ट धरला. मग तोच हात तसाच, न पुसता, माझ्या चौकटीवर ठेवून कितीतरी वेळ ते लोकांशी गप्पा मारत उभे होते. आज पिलाजीराव नाहीत. ते तसे उभे राहिलेले आठवले, की मला भरून येतं.

सयाजीगंजला ही जोडी दुसऱ्याच फेरीत हरली. ‘माझ्यामुळे हरलो,’ असं पिलाजीराव सगळ्यांना सांगत फिरायचे.

पुढे मोहना शिकली. तोवर बडोद्यात खासगी कंपन्यांची ऑफिसं आली होती आणि तिथे नमस्कारावर भागत नव्हतं, आल्या-गेल्याशी हात मिळवावा लागे. मुलाखतीच्या दिवशी सुनेत्राबाईंनी देव पाण्यात ठेवले होते. मोहना परत आली ती हसतच. मला पुढ्यात ओढून बाबांना म्हणाली, ‘मी आधीच सांगितलं, हात ओला आहे, नेहमीच असतो. साहेब म्हणाले, माझे पाय तसेच, दिवसभर मोजे बदलतो. मग काय, दोघंही हसलो.’ नोकरी मिळाली. पण सगळेच तसे नसतात. कुणी हात मिळवून लगेच कपड्याला पुसतं. ‘वाईट वाटतं हो बाबा,’ ती सांगायची. ‘पण म्हणून मी हात खिशात घालून बसणार नाही.’

एव्हाना घरात केबल आली होती, मग कॉम्प्युटर आला. लग्न होऊन मोहना सासरी वासण्याला गेली. माझी जागा दिवाणखान्यातून पलंगाखाली आणि तिथून कपाटामागे गेली. जाळ्या कुरतडल्या गेल्या, सोंगट्या हरवल्या. दिवाळीला मोहना सवडीनं येते, मला बाहेर काढते, पुसते आणि बाबांशी एक डाव खेळते. तिचे हात अजून तसेच आहेत. त्या एका दिवसावर मी वर्ष काढतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी अडगळीत पडला असेल, तर त्याला बाहेर काढा. पावडर नसली तरी चालेल, चार माणसं हवीत. आणि त्या चारांत एखाद्याचा हात ओला निघाला, तर ‘घाबरू नकोस’ म्हणून त्याला शहाणपण शिकवू नका. आधी तो हात हातात घ्या.