एकोणीस दिवस आधीचं पान

सायकलची सीट खाली येत होती आणि खोलीतली तीस-पस्तीस माणसं श्वास रोखून बघत होती.

कुणी हात लावला नव्हता. खिडकी बंद, पंखा बंद. सायकलही साधी नव्हे. डोंगरउतारावर उड्या मारत न्यायची, जाड टायरची, पुढे दोन आणि मागे सीटखाली एक असे धक्के झेलणारे शॉक असलेली. पुढचं चाक लोखंडी स्टँडमध्ये अडकवलेलं, मागचं फरशीवर टेकलेलं. हँडलला फुलं, समोर दिवा. आणि सीट आपली इंच इंच खाली चाललेली, जणू कुणी दमूनभागून आलेलं माणूस तिच्यावर अलगद बसतंय.

"कान द्या," निरोपेबाबा कुजबुजले. "श्वास घेतोय लेकरू."

आणि खरंच, बारीक फुसफुस ऐकू येत होती. पुढच्या रांगेतल्या दोघी रडायलाच लागल्या.

गेलेल्या माणसांचे निरोप आणतात म्हणून ते निरोपेबाबा. आवाज मधात बुडवून काढल्यासारखा. "कुणाला शंका असेल तर पुढे या. शंका चांगली असते. शंका म्हणजे श्रद्धेची उंबरठ्यावर काढलेली चप्पल."

याचा अर्थ कुणाला लागला नाही, पण माना सगळ्यांनी डोलावल्या.

बेकरीवाला पुढे आला. पिठाची पोती उचलणारा गडी. त्याने सीट धरून वर ओढली. मागचं चाकच फरशीवरून उचललं गेलं, पण दबलेली सीट काही सुटून वर येईना. त्याने पुन्हा जोर लावला. मग घाम पुसत म्हणाला, "बसलाय बुवा. पक्का बसलाय."

भिंतीशी उभ्या मावशींनी पदर तोंडाला लावला. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. आई म्हणणारा एकच होता, आणि तो सात महिन्यांपूर्वी कामावर असताना छातीत कळ येऊन गेला होता. ही सायकल त्याची. ही खोलीही त्याची.

निरोपेबाबांनी डोळे मिटले. "तो म्हणतोय, आई, मी इथेच आहे. पण घरातलं कुणीतरी निघालंय. ते गेलं की मी उठणार. मग परत बसणार नाही."

पस्तीस माना दाराकडे वळल्या. दारात सूनबाई उभी होती. रक्त तपासायच्या लॅबमधून थेट आलेली, खांद्याला पर्स तशीच. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिला कायमची नोकरी लागली होती, राहायला जागा, लेकीला शाळा. एक तारखेला हजर व्हायचं होतं. आज चोवीस.

"हवा गेलीय त्यातली," सूनबाई म्हणाली. "शॉकमध्ये हवा असते. ती गळतेय."

"हवा!" शेजारच्या काकू उसळल्या. "नवरा समोर बसलाय आणि हिला हवा दिसतेय!"

"पोरी," बाबा तिच्याकडे करुणेने बघत म्हणाले, "आपण सगळे हवाच आहोत."

लोक हसले. सूनबाईने सासूकडे पाहिलं. मावशींनी नजर फिरवली.

*

याची सुरुवात मावशींपासूनच झाली होती, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मुलाला जाऊन महिना झाला तेव्हा एका सकाळी त्या पहिल्यांदाच खोली झाडायला गेल्या आणि सीट खाली गेलेली दिसली. त्या काकूंजवळ बोलल्या. काकूंनी निरोपेबाबांना आणलं. बाबांनी सायकलला नुसता हात लावला आणि म्हणाले, "येतो तो."

त्या दोन शब्दांवर मावशी पुढचे सहा महिने जगल्या.

मग नियम आले. दर आठवड्याला बैठक. बैठकीआधी बाबांचा पिशवीवाला शिष्य, पन्नाशीचा, मुका नव्हे पण कधी न बोलणारा, खोलीत एकटा दहा मिनिटं बसून जागा शुद्ध करणार. किल्ली त्याच्याकडे. मावशींना त्यांच्याच घरातल्या खोलीत बैठकीखेरीज पाऊल टाकायला मनाई. मुलाची सायकल ज्याच्या दुकानात दुरुस्त व्हायची तो मिस्त्री एकदा आला होता. "मावशी, मला नुसतं एकदा बघू द्या," म्हणाला. "पाय धुऊन ये आणि आधी विश्वास घेऊन ये," असं म्हणून त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवला होता.

चोवीस तारखेची बैठक उठल्यावर, त्याच संध्याकाळी, स्वयंपाकघरात सूनबाईने टेबलावर एक पाकीट ठेवलं.

"नोकरी नको म्हणून लिहिलंय. परवा टाकते."

"मी काही म्हटलं का तुला?"

"तुम्ही काही म्हणत नाही, आई. सहा महिने काहीच म्हणत नाही. तेच तर." तिने ओट्यावरचं पुसलेलंच पुन्हा पुसलं. "मी गेले आणि दुसऱ्या दिवशी सीट वर दिसली तर तुम्ही मला माफ कराल? खरं सांगा."

मावशी कधी खोटं बोलत नसत. तो त्यांचा नेम होता. म्हणून त्या गप्प बसल्या.

*

त्यांचे नेम बरेच होते. पहाटे उठायचं, अंग धुवायचं, देवापुढे दिवा लावून घटकाभर मौन धरायचं. मुलगा गेल्यावर त्यात एक नेम वाढला होता. पाण्याचा घोट घेण्याआधी त्याच्या वहीचं एक पान वाचायचं.

वही सायकलची होती. काय बिघडलं, कसं शोधलं, काय बदललं, सगळं तारखेनिशी. मावशींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. 'मागचा शॉक एकशे साठ. पिव्हटचे बोल्ट आवळले. करकर तरीही. म्हणजे बोल्ट नव्हे, सीटचा दांडा. एका वेळी एकच गोष्ट बदलणे.' त्या हे पोथी वाचावी तसं वाचत. प्रत्येक शब्द सुटा, ओठ हलवत. अक्षर त्याचं होतं, तेवढं पुरे होतं. पान संपलं की वही कपाळाला लावायची, मग पाणी प्यायचं.

पंचवीस तारखेला पहाटे पान उलटलं.

'मागचा शॉक रात्रभरात आपोआप खाली बसतो. सकाळी सीट पार दबलेली. व्हॉल्व्ह की सील? व्हॉल्व्ह नवा घातला, घट्ट केला. साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हवर बुडबुडे नाहीत. पंपाने हवा भरली, सकाळी पुन्हा खाली. म्हणजे आतलं सील गेलं. नवीन मागवणे.'

त्या सवयीने वही कपाळाकडे नेऊ लागल्या आणि हात मध्येच थांबला.

त्यांनी पान पुन्हा वाचलं. मग तारीख वाचली. मग बोटांवर मोजलं, एकदा, आणि चुकलं असेल म्हणून पुन्हा. तो गेला त्याच्या एकोणीस दिवस आधी.

त्या दिवशी त्यांना पाणी प्यायचं भान राहिलं नाही. वही पदराखाली धरून त्या सरळ मिस्त्रीच्या दुकानात गेल्या.

मिस्त्री शटर वर करत होता. त्यांना बघून म्हणाला, "पाय धुऊन आलोय, मावशी. विश्वास मात्र घरी राहिला."

"टोमणे नंतर मार. हे वाच आणि मला समजेल असं सांग."

त्याने वाचलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग एक जुना शॉक बाकावर ठेवला.

"आत दोन कप्पे असतात. एकातली हवा सायकल वर उचलून धरते, दुसऱ्यातली खाली ओढते. उचलणाऱ्यातली गळाली की ओढणाऱ्याचं राज्य. मग बेकरीवाला काय, बेकरीवाल्याचा बाप आला तरी सीट वर येत नाही. हवा अडवणारं रबराचं कडं, म्हणजे सील, झिजलं की हे होतंच. त्याचंही झालं होतं. सीलचं पाकीट माझ्याकडे पडून आहे, मावशी. तो न्यायला येणार होता."

"पण बैठकीत फुसफुस ऐकू येते. सगळ्यांना."

मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडली. "सील गुपचूप गळतं, रात्रभर घेतं. आवाज येतोय आणि तासाभरात खाली जातेय, म्हणजे हवा भरायच्या तोंडाचा व्हॉल्व्ह सैल केलाय कुणीतरी. आणि प्रत्येक बैठकीला सीट आधी वर असते ना? ती वर कशी येते?"

मावशींनी बाकावरचा शॉक हातात घेतला.

"पंपाशिवाय येत नाही. शॉकचा वेगळा हातपंप असतो, हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला. त्याचा पंप खिळ्याला टांगलेला असायचा."

"मुठीला पिवळी फीत गुंडाळलेला," मावशी सावकाश म्हणाल्या. "माझ्या शिवणाच्या डब्यातली. घाम येऊन निसटतो म्हणून नेली होती त्याने." त्या बाकावर बसल्या. "कितीतरी दिवसांत तो खिळ्यावर नाही."

*

त्याच दुपारी त्यांनी बाबांकडे निरोप धाडला: मन थाऱ्यावर नाही, उद्याच बैठक घ्या. सूनबाईला म्हणाल्या, "ते पाकीट एक दिवस थांबव." आणखी काही विचारायची तिची हिंमत झाली नाही.

बैठक भरली. पिशवीवाला दहा मिनिटं जागा शुद्ध करून बाहेर आला. सीट वर होती. बाबांनी डोळे मिटले, फुसफुस सुरू झाली, सीट खाली निघाली.

मावशी उठल्या. हातात वाटी आणि मुलाचा दाढीचा ब्रश.

"सेवा करू द्या तिला," बाबा डोळे किलकिले करत म्हणाले. "आईचं मन आहे."

मावशी फरशीवर बसल्या. गुडघा कटकन वाजला. त्यांनी ब्रश वाटीत बुडवून शॉकच्या व्हॉल्व्हवर फिरवला. क्षणभर काहीच नाही. मग एक बुडबुडा फुगला. त्याच्यामागून दुसरा, आणि बघता बघता पांढरा फेस व्हॉल्व्हवरून ओघळून फरशीवर टपटपू लागला.

"श्वास बघा त्याचा," मावशी म्हणाल्या. "साबणाचं पाणी आहे."

मग त्यांनी वही उघडली आणि ते पान वाचलं. पहाटे वाचत तसंच, एकेक शब्द सुटा. शेवटी तारीख वाचली.

"तो गेल्यानंतर तो इथे बसतो, असं तुम्ही म्हणता. मग तो जायच्या एकोणीस दिवस आधी, तो पलीकडच्या पलंगावर घोरत पडलेला असताना, इथे कोण बसत होतं?"

पस्तीस माना आता बाबांकडे वळल्या.

पण निरोपेबाबा कसलेला माणूस. "चाहूल!" ते गहिवरून म्हणाले. "जाणाऱ्याला आधीच चाहूल लागते, माऊली! त्याचा आत्मा जागा धरून ठेवत होता!"

दोन-चार माना डोलल्यासुद्धा.

"जागा धरायला ती काय बस आहे?" दारातून मिस्त्री म्हणाला.

"पिशवी उघडा," मावशी शिष्याला म्हणाल्या.

त्याने पिशवी छातीशी धरली. सूनबाई पुढे झाली आणि सुई टोचताना म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "हात सैल सोडा. दुखणार नाही." तो गडबडला, पिशवी तिच्या हातात आली. फुलं, दिव्याची वात, खोलीची किल्ली, व्हॉल्व्ह सैल करायचं इवलंसं अवजार आणि पिवळ्या फितीचा पंप.

मावशींनी पंप घेतला. फितीवरून अंगठा फिरवला. मिस्त्रीने व्हॉल्व्ह आवळून दिला. मग मावशींनी मोजून हवा भरली, दम लागेपर्यंत, काटा एकशे साठवर जाईपर्यंत. सीट हळूहळू वर आली.

"उठवला," त्या म्हणाल्या. "मला सिद्धी नाही. मला गुडघेदुखी आहे."

कुणी हसलं नाही. बाबांना कुणी अडवलंही नाही. ते पादत्राणं घालून गेले, आणि त्यांच्यामागोमाग पाच-सहा जण गेले. काकू जाताना म्हणाल्या, "तुझीच श्रद्धा कमी पडली." बेकरीवाला तेवढा मागे रेंगाळला. "मावशी, मी मनापासून ओढलं होतं हो," म्हणाला, आणि मान खाली घालून निघून गेला. पुढच्या आठवड्यात बाबा दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी बंद पडलेल्या घड्याळातून निरोप आणू लागले.

*

दुसऱ्या सकाळी मावशी खोलीत गेल्या. सीट खाली होती.

सगळं माहीत होतं. सील गेलंय, रात्रभरात हवा गळते, त्याने स्वतः लिहून ठेवलंय. तरी तोंडून निघून गेलं, "आलास?"

सील तसंच ठेवून रोज रात्री हवा भरली तर रोज सकाळी असंच होणार होतं. कुणाला फसवायचं नव्हतं, कुणाला बोलवायचं नव्हतं. फक्त त्यांच्यापुरतं. मिस्त्रीला निरोप नाही धाडला की झालं.

मागे सूनबाई येऊन उभी होती.

"पाकीट फाड," मावशी म्हणाल्या. "आणि जाता जाता मिस्त्रीला सांग, ते सील घेऊन ये म्हणावं."

"आई, तुम्ही पण चला आमच्याबरोबर."

"येईन. आधी मला इथे थोडं रडायचंय. सहा महिने रडलेच नाही. तो घरात आहे म्हटल्यावर रडायचं कुणासाठी?"

एक तारखेला सूनबाई आणि नात गेल्या. मिस्त्रीने सील बदललं, आणि मावशींनी वहीत, मुलाच्या शेवटच्या ओळीखाली, आपल्या गोलसर अक्षरात तारीख घालून लिहिलं: 'नवीन सील बसवलं.'

काही दिवसांनी गल्लीतली एक बाई त्यांच्याकडे आली. मुलाचा ताप उतरत नाही, बाबा म्हणतात घड्याळाला सांगू, औषध थांबवा. मावशींनी तिला आत बसवलं.

"मी देवाला मानते," त्या म्हणाल्या. "रोज दिवा लावते, पुढेही लावीन. पण माझ्या देवाला पिशवीत पंप लपवून आणावा लागत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी विचार, खोली बंद कशाला, किल्ली तुमच्याकडे कशाला, आणि हे आधी कधी झालं होतं का. विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो दुसराच कुणीतरी असतो. ऊठ, पोराला डॉक्टरकडे ने. मी येते बरोबर."

नेम अजून चालू आहे. पानं संपली तेव्हा मावशींनी वही पुन्हा पहिल्यापासून काढली. आता अर्थ विचारून वाचतात. पाणी पिऊन झालं की त्या खोलीत जातात आणि सीटवर हात ठेवून बघतात.

सीट वरच असते. बोटभरही खाली आलेली नसते.