चौथं रीळ

लढाईचं तिसरं वर्ष होतं. नवे सिनेमे येणं बंद झालं होतं, त्यामुळे आमच्या थिएटरात एकच सिनेमा अकरा आठवडे चालला होता. लोकांना तो तोंडपाठ होता. तरी यायचे, कारण आत गर्दीची ऊब असायची आणि घरी कोळसा नसायचा.

मी तिकीट खिडकीवर. वर मशीनच्या खोलीत फुंकर आणि माझी वहिनी. फुंकर म्हणजे आमचा ऑपरेटर; रीळ लावण्याआधी दर वेळी भिंगावर फुंकर मारायचा. हे काम त्याला माझ्या दादानेच शिकवलं. मग दादा लढाईवर गेला, फुंकर एका कानाने बहिरा म्हणून मागे राहिला, आणि तुटलेली फिल्म जोडायला, रिळांचे डबे हातात द्यायला वहिनी वर जाऊ लागली.

दादाने सबंध नोकरीत एकदाच रीळ चुकवलं होतं. वहिनी मशीन बघायला पहिल्यांदा वर आली, त्या दिवशी. जेवताना तो ही गोष्ट इतक्यांदा सांगायचा की आम्ही कानांवर हात ठेवायचो.

आता पुढचं. वहिनीचं आणि फुंकरचं जुळलं. मला दुसऱ्या महिन्यात कळलं, आईला त्याच्याही आधी. आम्ही मूग गिळून बसलो. दादाचं आठ महिने पत्र नव्हतं, आणि फुंकरच्या वाटणीचं पीठ आमच्या घरी येत होतं. वहिनी पुन्हा हसायला लागली होती. मला लाज वाटायची आणि मी पोटभर जेवायची.

त्या दिवशी तीनच्या खेळाला खिडकीतून एक हात आत आला.

"एक द्या बाई, मागच्या रांगेतलं."

मी वाकून बाहेर पाहिलं. दादा! निम्मा झाला होता, डोळे तेवढे तेच.

"तू आधी घरी जा," मी म्हटलं. "आईला भेट."

"वेडी की काय! आधी हिला गाठतो. मध्यंतरात जातो वर. सांगू नकोस हं, गंमत करू."

मी खेळ सुरू होताच खिडकी लावून आत धावले. पण वर जायचा जिना शेवटच्या रांगेमागे, आणि दादा नेमका तिथेच बसलेला. त्याने मला ओढून शेजारी बसवलं. मी देवाचं नाव घेत बसून राहिले, दुसरं काय करणार?

तिसरं रीळ संपलं. मशीन एकच, त्यामुळे दर रिळाला दिवे लागायचे. दिवे विझले, आणि पडद्यावर नायिका एकदम बापाच्या कबरीपाशी रडताना दिसली.

"अरे, म्हातारा अजून मेला कुठे?" कोणीतरी ओरडलं. सगळं थिएटर खदखदून हसलं. चौथ्याच्या जागी पाचवं लागलं होतं. सगळ्यात मोठ्याने दादा हसला.

मग त्याचं हसू थांबलं. त्याने वर, मशीनच्या झरोक्याकडे पाहिलं.

"दादा, थांब ना."

"हात सोड, चिमणे."

तो जिना चढला. पडदा पांढरा झाला, बराच वेळ तसाच राहिला. आरडाओरडा ऐकू येईल म्हणून मी कान टवकारून बसले, पण वरून चकार शब्द आला नाही. मग चौथं रीळ लागलं. चित्र असं स्वच्छ, असं स्थिर, की दोन वर्षांत आम्ही पाहिलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू फुटलं. तो दादाचा हात होता.

रीळ संपल्यावर तो एकटाच खाली आला. मी त्याच्यामागे दारापर्यंत गेले. बाहेर बोचरी थंडी होती आणि त्याच्या अंगात नुसता सदरा.

"वर खुंटीला माझा कोट आहे," तो म्हणाला. "हिने फुंकरला दिला असेल, असं वाटलं. पण बाह्या त्याच्या मापाने लांबवल्यात. टाके आईचे आहेत ना?"

खोटं बोलायचं होतं मला. पण मान होय म्हणून हलली.

"बरं," तो म्हणाला, आणि घराच्या उलट्या दिशेला चालू लागला.