पालीखालची पट्टी

प्रभावतीबाईंच्या घरात एक नियम पन्नास वर्षे अबाधित होता. गावाला निघताना सामान बाहेर काढायचे, गॅस बंद करायचा आणि सर्वांत शेवटी घरातल्या कर्त्या माणसाने मेन स्विच खाली ओढायचा. नियम दशरथरावांचा. ते रेल्वेच्या विद्युत विभागात फोरमन होते. भुसावळहून बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर मेन ओढण्याचा मान बाईंनी स्वतःकडे घेतला. त्याबाबत हूं की चूं करण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

जानेवारीत त्यांचा मुलगा रणजीत हृदयविकाराने गेला. वय सत्तेचाळीस. जलदानविधी भुसावळच्या घरी करायचे ठरले. निघताना बाईंनी नेहमीप्रमाणे मेन ओढला. त्या रडल्या नव्हत्या. हात तेवढा सवयीने चालला.

पाचव्या दिवशी सकाळी त्या आणि नात सोनम जयपूरच्या शास्त्री नगरातल्या घरी परतल्या. सोनमची बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. सून मयूरी माहेरी थांबली होती. बाईंनी मेन वर केला, दिवे लागले, आणि सोनम खांद्यावरची बॅगही न उतरवता रणजीतच्या खोलीत गेली.

तिथे काचेच्या पेटीत रणजीतची पाल होती. भिंतीवरची नव्हे; पिवळी, अंगभर काळे ठिपके, वीतभर लांब, रीतसर नोंद करून आणलेली. बाईंना ती कधीच मानवली नव्हती. "तुझा बाप पालीला गादी घालतो, आईची उशी मात्र वर्षानुवर्षे तीच," असे त्या सोनमला ऐकवीत, आणि रणजीत पलीकडच्या खोलीतून हसे.

आता पाल डोळे मिटून पडली होती. सोनमने बोट लावले तरी हलली नाही. पेटीखालचा, तिला ऊब देणारा जुना पॅड वीज येऊनही तापेना. तो आधीपासूनच शेवटच्या घटका मोजत होता. रविवारी बदलू म्हणून रणजीतने उष्णता देणारी नवी पट्टी आणून खणात ठेवली होती. तो रविवार आला तेव्हा रणजीत नव्हता.

बाईंनी आपली गोधडी आणून पेटीभोवती गुंडाळली. सोनमने ती हळूच बाजूला केली.

"आजी, तिला स्वतःची गरमी नसते. मतलब, आपण पांघरतो तेव्हा आपलीच ऊब आपल्याला मिळते. तिला कुठून मिळणार?"

बाई गोधडी हातात धरून उभ्या राहिल्या. भुसावळला त्या दोन गोधड्यांखाली निजल्या होत्या आणि उजाडेपर्यंत पाय गार होते.

सोनम म्हणाली, गल्लीतल्या इलेक्ट्रिशियन भैयाला बोलावू. बाईंनी दशरथरावांची हत्यारांची पेटी काढायला सांगितली. या घरात वायरमन बाहेरून येत नसतो. तीस वर्षे त्यांनी नवऱ्यासाठी बॅटरी धरली होती, आणि धरता धरता सगळे पाहिले होते.

पट्टी कागदासारखी पातळ होती. मधे काळा पट्टा, दोन्ही कडांना धातूची चकचकीत रेघ. सोनम माहितीपत्रक वाचून सांगत होती, बाई करीत होत्या. पेटीच्या तळाच्या एक तृतीयांश मापाने पट्टी कापली. पालीला नकोसे झाले तर सरकायला गार जागा हवी. प्रत्येक कडेवर एकेक क्लिप बसवून पकडीने दात रुतेपर्यंत दाबली, वायर जोडली आणि उघडे टोक चिकटपट्टीने झाकले. मग पट्टी बाहेरून काचेखाली सपाट चिकटवली, कुठे घडी पडू दिली नाही. हवा खेळावी म्हणून पेटीखाली लाकडी पट्ट्या सरकवल्या. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार काच आणि पट्टी यांच्या मधे बसवली, बत्तीस अंशांवर आकडा लावला, आणि प्लग सर्वांत शेवटी.

आकडा तेरा होता. दोघी जमिनीवर बसून त्याच्याकडे पाहत राहिल्या. चौदा झाला. सोळा. बाहेर भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. कोणी उठले नाही.

एकोणिसाला बाई म्हणाल्या, "मेन मी बंद केला."

आपल्या हातून चूक झाली, अशी कबुली त्यांच्या तोंडून सोनमने कधी ऐकली नव्हती. ती आकड्याकडेच पाहत होती.

"मी बघत होते. पप्पांची पेटी आठवली पण होती मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला कोण बोलणार?"

बाईंना ते दुखतही नव्हते, दाढ बधिर केल्यावर जीभ जशी तिथे नुसती फिरते, तसे काहीसे होत होते. रणजीतलाही कधी काही बोलायचे राहिले असेल का, एवढे मनात येऊन गेले.

आकडा अठ्ठाविसावर आला तेव्हा पालीने एक पाय पुढे टाकला. बऱ्याच वेळाने दुसरा. मग पोट तापलेल्या काचेवर टेकवून तिने एक डोळा किलकिला केला. सोनम हसली नाही. तिने फक्त बॅग खांद्यावरून उतरवली.

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दशरथरावांची काळी चिकटपट्टी घेऊन मेनपाशी गेल्या आणि वर असलेल्या दांड्यावरून ती तीनदा आडवी चिकटवली; आता तो कोणालाही सहज खाली ओढता येणार नव्हता.

"यापुढे माझे काही चुकले तर बोलायचे," त्या म्हणाल्या.

"ओरडशील."

"ओरडेन. तरी बोलायचे."