भट्टी कोण लावणार?

मी मातीकाम मंडळाची विजेची भट्टी बोलतेय. जन्म कारखान्यातला, पण सारं आयुष्य मंडळाच्या मागच्या खोलीत गेलं, जमिनीला बोल्ट ठोकलेल्या अवस्थेत. खोलीला खिडकी नाही. माझ्यासमोर एक स्टूल, बस्स.

मंडळात बत्तीस सभासद. भांडी घडवायला सगळ्यांचे हात शिवशिवतात, पण मला लावायची वेळ आली की एकच उत्तर, "काका आहेत ना." काका म्हणजे निवृत्त कंपाउंडर. सकाळी आठला येत, तासातासाला आच वाढवत, माझ्या दारातल्या भोकातून आत डोकावत. नऊ वर्षांचे रविवार त्यांनी त्या स्टुलावर काढले. मी तर खिळलेलीच. ते आपल्या पायांनी येऊन खिळत.

एका रविवारी मी तापत असताना त्यांच्या बहिणीचा फोन आला. "दादा, आई आज ओळखतेय. उद्याचं सांगवत नाही. निघ."

काकांनी तिघांना फोन केले. एकाकडे पाहुणे, दुसऱ्याची कंबर धरलेली, तिसऱ्याला यातलं काही कळत नव्हतं. तेवढ्यात मंडळातल्याच, शिवणकाम करणाऱ्या ताई विसरलेला डबा न्यायला आल्या.

"ताई, आजचा दिवस बघाल का हिच्याकडे?"

"मला कुठे येतं? तुम्ही कधी कुणाला हात लावू दिलाय का?"

खरंच होतं ते. कुणी जवळ आलं की काका "राहू दे, बिघडेल" म्हणायचे. त्यांनी दहा मिनिटांत जमेल तेवढं दाखवलं आणि ते निघाले.

ताईंनी आच घाईने वाढवली. मला कळत होतं, पण सांगणार कशी? अकरा भांडी तडकली.

दोन आठवड्यांनी काका परतले, तेव्हा सगळ्यांनी त्यांना घेरलं. "तुम्ही असतात तर असं झालं नसतं."

"आईने मला नावाने हाक मारली," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी ती गेली. आणि माझी पहिली खेप तर सगळीच फुटली होती."

मग त्यांनी दारावर पाळ्यांची यादी चिकटवली. पहिलं नाव ताईंचं. शिकवायला काका चार रविवार आले.

आज पाळी बँकेतल्या साहेबांची. नऊ वाजून गेले. काका डोकावले, त्यांचा हात माझ्या बटणापर्यंत आला. तो मागे घेऊन त्यांनी फोन लावला. "साहेब, तुमची पाळी आहे. मी घरी चाललोय." आणि खरंच गेले.

माझ्या पोटात सगळ्यांची कच्ची भांडी आहेत. साहेब, दार नुसतं लोटलंय, या लवकर. आणि काका, उशीर झाला तरी चालेल, पण तुम्ही मागे फिरू नका.