कुमाने बसवलेली पट्टी

तिहोमिरचा नियम सर्बियातल्या अख्ख्या चाचक शहराला पाठ होता. आधी दिवा, मग कॉम्प्युटर. जुन्या गाडीत नवं, दांडगं इंजिन बसवून कोणीही येवो, पुढाऱ्याचा पोरगा असो नाहीतर पोलिसाचा मेहुणा, तिहोमिर आधी खणातून टायमिंगचा दिवा काढायचा, क्रँकच्या पुलीवर धरायचा, खूण कुठे दिसते ते बघायचा आणि मगच लॅपटॉपची वायर जोडायचा. लोक कंटाळायचे, चिडवायचे. तो म्हणायचा, "घाई असेल तर दुसरीकडे जा. तिथे घाईत मोडूनही देतात."

कारण साधं होतं. इंजिनाच्या कॉम्प्युटरला डोळे नसतात. क्रँकवर दात्यांचं एक चाक असतं, त्याच्यासमोर सेन्सर असतो, आणि तो दाते मोजून कॉम्प्युटरला सांगतो, पिस्टन इथवर आलाय, टाक ठिणगी. मूळचं इंजिन काढून दुसरंच घातलं की सेन्सर धरून ठेवणारी पट्टी घरी बनवावी लागते. ती पट्टी जराशी सरकली की आटोपलंच. कॉम्प्युटर छातीठोकपणे सांगतो, ठिणगी तीस अंश आधी टाकली, आणि ती पडते बावीसला. गाडी चालते हो, पळतेसुद्धा, पण पडद्यावरचा एकूण एक आकडा खोटा. हे खोटं फक्त दिवा पकडतो.

हा नियम तिहोमिरने उभ्या आयुष्यात एकदाच मोडला. कुमासाठी.

रादिशा त्याचा कुम, म्हणजे धर्माने जोडलेला भाऊ. लग्नात वेदीपाशी शेजारी उभा राहिलेला, पोरीचं नाव नेवेना ठेवलेलं तेही त्यानेच. सख्ख्या भावाचं डोकं बांधावरून फोडलेली माणसं आमच्याकडे पैशाला पासरी मिळतील, पण कुमाला उलट बोललेला एक माणूस दाखवा! कुमाला नाही म्हणायचं नाही, कुमावर संशय घ्यायचा नाही. आईच्या दुधाबरोबर पाजतात हे.

रादिशा लोखंडी फाटकं बनवायचा. हात सुरेख, तोंड त्याहून मोठं. एका हिवाळ्यात त्याने आपल्या लाल युगो गाडीतलं इंजिन काढलं आणि भंगारातून आणलेलं जपानी इंजिन, वर टर्बो चढवून, त्या डबड्यात कोंबलं. घाटाच्या शर्यतीत उतरायचं होतं त्याला, पन्नाशीत! बर्फ वितळल्यावर एका सकाळी ती गाडी ट्रॉलीवर घालून तो तिहोमिरच्या दारात आला. तिहोमिरने सवयीने खण उघडला आणि दिवा काढला.

"हे काय?" रादिशा म्हणाला.

"खूण बघतो एकदा."

"कशाची खूण? पट्टी मी बनवली आहे. स्वतः मोजून, स्वतः वेल्डिंग करून. कॉम्प्युटरला आकडासुद्धा मी देऊन ठेवलाय."

"अरे, सगळ्यांचीच बघतो मी."

"सगळ्यांची बघ. मी सगळे आहे का?" रादिशाचा चेहरा उतरला, खरंच उतरला. "तुझ्या पोरीला नाव दिलं ते तपासून घेतलं होतंस का? कुमाच्या हातामागे दिवा धरतोस, तिहो?"

त्याच वेळी तिहोमिरची बायको स्पोमेंका कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. नवऱ्याकडे बघून तिने मान किंचित हलवली, म्हणजे बघ बाबा, बघून घे. तिहोमिरला दिसलं ते. पण त्याने दिवा खणात टाकला आणि खण गुडघ्याने ढकलून बंद केला.

"तू म्हणतोस तर झालं," तो म्हणाला.

गाडी रोलरवर चढली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, ठिणगी फार आधी पडली की इंजिन खडखडतं आणि जळतं, ती खडखड ऐकायचा हेडफोन तिहोमिरने कानाला लावला, आणि थोड्याच वेळात त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. इंजिन आळशी होतं. हवा भरपूर, पेट्रोल बरोबर, प्लग नवे, आणि तरी म्हशीसारखं बसकण मारत होतं. त्याने ठिणगी दोन अंश आधी आणली. जरा जाग आली. आणखी दोन. आणखी. ज्या आकड्याला दुसरं असलं इंजिन ओरडून मेलं असतं, तिथे हे पठ्ठं नुकतं कुठे आळस देत होतं. तिहोमिर काय दूधखुळा होता? त्याला कळलं. पट्टी चुकलेली आहे, चांगली सात-आठ अंशांनी, हे त्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. त्याचा हात खणाकडे गेलासुद्धा.

"अजून संशय जात नाही ना तुझा?" रादिशा मागून म्हणाला. हसत म्हणाला, पण म्हणाला.

हात माघारी आला. तिहोमिरने मनाशी हिशेब केला. आकडे खोटे तर खोटे, कान तर खरा आहे. कानाने जुळवीन. आणि त्याने तसंच केलं, संध्याकाळपर्यंत बसून, प्रत्येक वेगाला, प्रत्येक दाबाला, खडखड सुरू व्हायच्या अलीकडे थांबत. पडद्यावरचा ठिणगीच्या आकड्यांचा तक्ता एखाद्याने पाहिला असता तर म्हणाला असता, हा माणूस वेडा आहे. पण गाडी अशी पळायला लागली की रादिशाने त्याचे तीनदा मुके घेतले आणि त्याला उचलून गरगर फिरवलं.

वाकड्या पायाला वाकडा जोडा शिवला होता त्याने. जोडा झकास बसला होता. पण पाय वाकडा आहे हे कोणालातरी सांगून ठेवायला हवं होतं, आणि ते त्याने सांगितलं नाही. कुमाला वाईट वाटेल! या एका वाक्यापायी आमच्याकडे किती घरं बसली असतील, देव जाणे.

जूनच्या शर्यतीत लाल युगो आपल्या गटात पहिली आली. रादिशाने अख्ख्या घाटाला राकिया पाजली. "माझं इंजिन आणि माझ्या कुमाचा तक्ता!" असं तो ज्याला त्याला सांगत होता, आणि तिहोमिरच्या दारात गाड्यांची रांग लागली. वर्षानुवर्षं ज्या नावासाठी हाडं झिजवली ते नाव झालं होतं.

सप्टेंबरच्या शर्यतीआधी रादिशाला नवं खूळ सुचलं. पेट्रोलवरचा पाय न उचलता गियर टाकायचा. क्रागुयेवात्सचा ओग्नेन म्हणून एक तरुण ट्यूनर होता, तो ते कॉम्प्युटरमध्ये बसवून द्यायचा. रादिशा तिहोमिरला न सांगता त्याच्याकडे गेला. ओग्नेन काही वाईट पोरगा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्याने तेच केलं जे तिहोमिरने करायला हवं होतं. आधी दिवा धरला. खूण आठ अंश चुकलेली दिसली, म्हणून त्याने कॉम्प्युटरमधला पट्टीचा आकडा सुधारला. मग म्हणाला, आता अख्खा तक्ता नव्याने करावा लागेल, गाडी दोन दिवस ठेवा.

"तक्त्याला हात लावायचा नाही," रादिशा म्हणाला. "तो माझ्या कुमाचा आहे. आणि शर्यत उद्या आहे."

आणि तो गाडी तशीच घेऊन निघाला. बघा म्हणजे! पट्टी झाली सरळ आणि तक्ता राहिला वाकडा. आता तक्ता जे मागायचा तेच नेमकं पडायचं, आणि तो मागायचा आठ अंश जास्त. दुसऱ्या दिवशी चौथ्या वळणावर लाल युगोतून पांढरा धूर निघाला, मग निळा, मग तेल रस्ताभर पसरलं आणि शर्यत तासभर थांबली. पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं.

उघड्या बॉनेटभोवती माणसं जमली. तिहोमिर धावत आला तेव्हा ओग्नेन सगळ्यांना सांगत होता, "पट्टी पहिल्यापासून आठ अंश चुकलेली होती. अहो, दिवाच धरला नव्हता पहिल्या ट्यूनरने! असला तक्ता मी जन्मात पाहिला नाही."

सगळ्यांनी तिहोमिरकडे पाहिलं. मग कोणीतरी रादिशाला विचारलं, "काय रे, दिवा नव्हता धरला?"

रादिशाने तिहोमिरकडे पाहिलं नाही. फडक्याने हात पुसत म्हणाला, "मी तर म्हटलं होतं त्याला, एकदा बघून घे. म्हणाला, गरज नाही."

तिहोमिरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, माणूस घाबरलाय, एवढ्या लोकांत तोंडातून गेलं, आता फिरवेल. रादिशाने फिरवलं नाही.

घरी आल्यावर स्पोमेंकाचा तोल गेला. "मी तिथे उभी होते! माझ्या हातात ट्रे होता! चल आत्ताच्या आत्ता, मी सांगते चारचौघांत."

"तू तोंड उघडायचं नाहीस," तिहोमिर म्हणाला. "कुम आहे तो. कुमाला खोटं पाडायचं? तो स्वतः येईल. त्याला खाईल ते आतून."

"खाईल! फाटकाच्या लोखंडाला गंज तरी खातो. त्याला काय खाणार?"

तो आला नाही. गाड्यांची रांग मात्र गेली. ज्या आल्या त्यांचे मालक दारातूनच विचारायचे, "दिवा धरणार ना?" आणि हसायचे. ज्याने सगळ्या चाचकला दिवा धरायला शिकवलं, त्याला ते हे विचारायचे. तिहोमिर दिवा काढायचा आणि पुलीवर धरायचा.

नोव्हेंबरात जुर्जिच आला, तिहोमिरच्या घराण्याच्या संताचा दिवस, घरची स्लावा. स्लावेला बोलावणं नसतं, ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला परत पाठवायचं नसतं. मेणबत्ती पेटली, गोड शिजवलेले गहू मांडले, कोबीच्या पानात खिमा गुंडाळून केलेल्या सारम्यांचं पातेलं चुलीवर चढलं. घरधन्याने त्या दिवशी बसायचं नाही, पाहुण्यांना वाढत उभं राहायचं, म्हणून तिहोमिर बाटली हातात धरून उभा. टेबलाच्या डोक्याशी कुमाची खुर्ची, रिकामी. तिच्याकडे न बघण्याचा सगळेच प्रयत्न करत होते.

आणि दुपारी रादिशा आला. इस्त्रीचा कोट, काखेत वाइनची बाटली. गव्हाचा चमचा तोंडात घातला, क्रॉस केला, यजमानाचे तीनदा मुके घेतले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. तिहोमिरचा जीव भांड्यात पडला. आला एकदाचा. आता बोलेल.

रादिशा बोललाच. पेला उचलून उभा राहिला. "मंडळी, आजच्या दिवशी मनात काही ठेवू नये. इंजिन गेलं, जाऊ दे. चूक माणसाकडूनच होते. मी माझ्या कुमाला माफ केलं!"

"वा!" स्पोमेंकाचा थोरला भाऊ ओब्राद म्हणाला. "याला म्हणतात कुम."

"आणि वसंतात दुसरं इंजिन बसवतोय," रादिशाने डोळा मारला. "तेही हाच ट्यून करणार. पण या वेळी दिवा धर हां, तिहो!"

सगळं टेबल हसलं.

"तू धरू दिला नाहीस," तिहोमिर म्हणाला.

हसणं थांबलं.

"तू म्हणालास, कुमाच्या हातामागे दिवा धरतोस? मी दिवा काढला होता, रादिशा. दुसऱ्यांदा खणाकडे हातही गेला होता. तू धरू दिला नाहीस."

"आता आठवलं होय?" ओब्राद म्हणाला. "शर्यतीच्या दिवशी तोंड शिवलं होतं का तुझं? इतके दिवस गप्प, आणि आज स्लावेला, दारात आलेल्या कुमावर ढकलतोस? लाज वाटू दे जरा."

"मी होते तिथे," स्पोमेंका स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातातला डाव तसाच होता. "मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"तू बायको आहेस त्याची," ओब्राद म्हणाला. "तू दुसरं काय म्हणणार?"

तेव्हा ती रादिशासमोर जाऊन उभी राहिली. "कुम, मेणबत्ती पेटली आहे. तिच्यासमोर सांगा. तुम्ही काय म्हणाला होतात?"

रादिशाने पेला खाली ठेवला, उजवा हात कपाळाला, पोटाला, दोन्ही खांद्यांना लावला आणि मेणबत्तीकडे बघत म्हणाला, "मी म्हणालो, एकदा बघून घे."

तिहोमिर त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. खडखड सुरू व्हायच्या आधी ऐकणारा माणूस तो, त्याला खोटं ऐकू आलं असतं. पण तिथे खोटं नव्हतंच. रादिशाचा आवाज हलला नाही, डोळे भरून आले होते. गावभर सांगून सांगून ते त्याचं त्यालाच खरं झालं होतं. तो बिचारा खरोखरच एका कृतघ्न माणसाच्या घरी माफी द्यायला आला होता.

"मला या घरात पुन्हा यायचं नाही," रादिशा म्हणाला. कोटाची बटणं लावून तो निघाला. जाता जाता नेवेनाच्या बाप्तिस्म्याच्या फोटोपाशी क्षणभर थांबला, फोटोला हात लावला आणि गेला. मग ओब्राद उठला. मग एकेकाला काही ना काही काम आठवलं. कोणी भांडलं नाही, कोणी दार आपटलं नाही, सगळे मेणबत्तीला क्रॉस करून रीतसर गेले.

खोलीत दोघंच उरली. तिहोमिरने हातातली बाटली टेबलावर ठेवली आणि तो खाली बसला. कुमाच्या खुर्चीवर.

"ऊठ," स्पोमेंका दबक्या आवाजात म्हणाली. "स्लावा आहे. घरधनी बसत नाही. कोणी आलं तर?"

"कोण येणार आहे आता?" तो म्हणाला. "वाढ मला."

तिने वाढलं. सारमे गार झाले होते. तो तसेच खात राहिला.