दोराचं दुसरं टोक

असोमुआच्या छातीवरचा, हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा सांगत होता की हा माणूस निवांत बसलेला आहे. भिंतीतून बाहेर येणारा दोर सांगत होता की तोच माणूस या क्षणी बैलासारखा ओढतो आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. शरीर श्रमताना कसं वागतं, हे मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली. हृदयाला सोंग आणता येत नाही, एवढं मी त्यातून शिकले. मग सोंग दोराचं होतं, आणि दोर बेव्हनच्या, आमच्या इंजिनिअरच्या, ताब्यात होता.

आमची लॅब मेलबर्नच्या एका विद्यापीठात आहे. घाम येईल असे डिजिटल खेळ आम्ही बनवतो. हा खेळ रस्सीखेचीचा होता. दोराचं एक टोक आमच्या खोलीत आणि दुसरं समोआत, अपियाजवळच्या एका गावात. मधे समुद्र. भिंतीमागची मोटर पलीकडची ओढ इकडे आणि इकडची ओढ पलीकडे पोचवायची. पडद्यावर एक होडी असायची. जो जास्त ओढेल त्याच्या किनाऱ्याकडे ती सरकायची.

आमच्या टोकाला लाउतुआ बसायचा. उभं आयुष्य त्याने बंदरावर कंटेनर हलवण्यात काढलं होतं. पक्षाघाताने त्याचा डावा हात गेला, तेव्हा हॉस्पिटलने त्याला आमच्याकडे पाठवलं. पलीकडे त्याचा थोरला भाऊ असोमुआ होता. दोघांनी फक्त डाव्या हाताने ओढायचं, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी लाउतुआला त्या हाताने दोर नुसता धरताही येत नव्हता. आता होडी बऱ्याचदा त्याच्या बाजूला यायची. शुक्रवारी आमचा अहवाल हॉस्पिटलला जायचा होता. तो पटला तर लाउतुआचा दोर चालू राहणार आणि तशाच इतर रुग्णांनाही मिळणार. नाही पटला, तर सगळं त्याच आठवड्यात बंद. शरीराच्या मोजमापांखाली सही माझी होती.

"बेव्हन, पलीकडची कच्ची नोंद देशील का?" मी विचारलं.

"शुक्रवारनंतर."

"आत्ता का नाही?"

"कारण मला दोनच हात आहेत, डेस्पिना, आणि दोन्ही तुझ्या दोराला बांधलेत." तो हसला, पण मी जवळ गेले तसा त्याने लॅपटॉप मिटला.

मोटरच्या झाकणाला नवं कुलूप दिसत होतं. "हे कशाला?"

"कुणीतरी आत सँडविचचा कागद कोंबला होता. मी कुणाचं नाव घेत नाही."

सँडविच मी खात नाही, हे त्याला माहीत होतं. कुलूप डोक्यातून गेलं नाही.

आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. यंत्र अजून तयार नसेल, तर पडद्यामागे माणूस बसवायचा आणि त्याने यंत्राचं काम करायचं. खेळणाऱ्याला वाटतं, यंत्रच आपल्याला उत्तर देतंय. मी स्वतः एकदा कपाटात बसून, उड्या मारणाऱ्या मुलांसमोर उजेडाचा चेंडू नाचवला आहे. यात पाप नाही. फक्त शेवटी ते उघड सांगावं लागतं. बेव्हनने ही रीत उलटी वापरली असेल का? माणसाच्या जागी यंत्र बसवलं असेल का? अपियाची लाइन पूर्वी सारखी तुटायची. पापणी लवेल एवढी फट पडली की दोर ढिला पडू नये, म्हणून आधीच्या ओढीवरून ती फट भरणारा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. हल्ली लाइन तुटल्याचं मला जाणवतच नव्हतं. फट किती मोठी झाली होती? असोमुआ इतके महिने खुर्चीत बसून चहा पीत असेल, आणि लाउतुआ एका प्रोग्रामशी झुंजत असेल, तर?

चेहरा दिसला असता, तर प्रश्नच मिटला असता. पण कॅमेरा नाही आणि आवाज नाही, हा ग्वेंडाचा हट्ट होता. ग्वेंडा आमची प्रमुख. "चेहरा दिसला की माणसं गप्पा मारत बसतात," ती म्हणायची. "दोरातून फक्त शरीर बोललं पाहिजे." याच तत्त्वावर लॅबचं नाव झालं होतं. त्यावर शंका घेणारं आमच्यात कुणी नव्हतं.

मंगळवारी लाउतुआचं सत्र सुरू झालं, तेव्हा मी बाहेर गेले. खोलीच्या दारासमोरच कपाट आहे, त्यात नेटवर्कच्या तारा असतात. दार उघडंच होतं. लाउतुआची पाठ दिसत होती, दोर ताणलेला दिसत होता, आणि कोपऱ्यात त्याची मुलगी लोसा फोन बघत बसली होती. मी अपियाच्या लाइनची निळी तार हातात धरली. प्रोग्राम ओढत असेल, तर तार काढली तरी दोर ताणलेलाच राहील. माझा हिशेब सरळ होता.

मी तार उपसली.

दोर क्षणभर तसाच राहिला, आणि मग मेल्यासारखा लोळला. लाउतुआ खुर्चीच्या पाठीवर आदळला, त्याचा हात खांद्यातून मागे फेकला गेला, आणि त्याने मोठ्याने आईची आठवण काढली. खुर्चीचा पट्टा होता म्हणून तो खाली पडला नाही.

"लाइन गेली!" बेव्हन ओरडत बाहेर आला आणि माझ्या हातातल्या तारेकडे बघत उभा राहिला. "तू?"

मी त्याला बाजूला सारून आत गेले. खांदा तपासला. सांधा जागेवर होता, स्नायू दुखावला होता.

"डॉक्टर," लाउतुआ दातओठ खात म्हणाला, "मला सोडायचं होतं तर सांगायचं. मीच सोडला असता."

इतक्यात लोसाचा फोन वाजला. तिने कानाला लावला आणि लगेच लांब धरला. फोनमधून हसणं, किंचाळणं, कोंबड्यांचा कालवा आणि लहान मुलाचं रडणं, सगळं एकदम बाहेर आलं. लोसा ऐकता ऐकता पोट धरून हसायला लागली.

"सगळे पडले. एकावर एक! काकू खांबाला धरून होती म्हणून वाचली. टिमोटे तर डुकरांच्या कुंपणापर्यंत गेलाय."

"सगळे म्हणजे कोण?" मी विचारलं.

"काकांच्या घरचे."

"दोर असोमुआ ओढतो ना?"

"हो, काकाच." तिला माझा प्रश्न कळेना. "काका घराण्याचे मताई आहेत, प्रमुख. पट्टा त्यांच्याच छातीवर असतो. ते खुर्चीत बसतात आणि घर ओढतं."

बेव्हन हळूच खाली बसला.

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" मी म्हटलं.

"यात सांगायचं काय? तुमच्याकडे इतकी यंत्रं. पपांना खोकला आला तरी तुमच्या पडद्यावर उमटतो. मला वाटलं, तुम्हाला सगळं दिसतं."

"तुम्हाला माहीत होतं?" मी लाउतुआला विचारलं.

"मताई एकटा दोर ओढत बसला, तर लोक म्हणतील, याच्या मागे कुणी उरलं नाही." तो खांदा चोळत होता. "माझा भाऊ तसा दिसला असता तर मीच दोर टाकून घरी गेलो असतो."

मी बेव्हनकडे वळले. "आणि अख्खं घर ओढत असताना लाउतुआ जिंकायचा कसा?"

त्याने लॅपटॉप उघडून माझ्याकडे फिरवला. दोन्ही बाजू तुल्यबळ वाटाव्यात म्हणून पलीकडचा जोर थोडा कमी करून इकडे द्यायचा, हे तर आम्ही सर्वांनी मिळूनच ठरवलं होतं. पण तो 'थोडा' आठवड्यागणिक वाढत गेला होता.

"दर वेळी पलीकडचा जोर वाढायचा, आणि मी आकडा खाली आणायचो," तो म्हणाला. "मला वाटलं मोटर बिघडली. शुक्रवारच्या आत दुरुस्त करून टाकीन, तुला कळायच्या आधी. म्हणून कुलूप."

"सत्तरीचा माणूस असा ओढतो, याचं तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. दणकट म्हातारा आहे, असं वाटलं."

"अपियाला एक फोन करायचास."

"तू केलास?" त्याने विचारलं. "माझ्यावर संशय घ्यायला तुला कपाट सापडलं, फोन नाही सापडला?"

मी लॅपटॉप उचलला. "चल, ग्वेंडाकडे."

ग्वेंडाला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, तारेसकट.

"हात सुधारलाय का?" तिने विचारलं.

"सुधारलाय. पण किती, ते मी सिद्ध करू शकत नाही. समोर कुणाचा जोर होता, तो किती कापला होता, सगळी सरमिसळ झाली आहे."

"मग गुरुवारी एकच खरी झुंज घ्या. या टोकाला लाउतुआ, त्या टोकाला एकटा असोमुआ, जोर कापायचा नाही. लाउतुआची सर्वांत मोठी ओढ, तोच आकडा हॉस्पिटलला जाईल. आणि कॅमेरा लावा. या वेळी मला डोळ्यांनी बघायचंय."

गुरुवारपर्यंत खांदा नीट होईल की नाही, याची मला धास्ती होती. तो झाला. भावाला एकट्याने ओढायला सांगणं मात्र लाउतुआलाच करावं लागलं. माझ्यासमोरच त्याने फोन लावला. तो बोलला, आणि मग पलीकडून इतका वेळ काहीच आलं नाही की मला वाटलं लाइन तुटली. मग एक शब्द आला आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले," लोसा म्हणाली. ती हसत नव्हती.

गुरुवारी मी लाउतुआच्या छातीवर पट्टा स्वतः बांधला. "आज हात जितका ओढू शकतो, तितका ओढा," मी म्हटलं. "आकडा कमी आला तर तुमचा दोर जाईल. मला काही करता येणार नाही. कळलं ना?"

"डॉक्टर, पक्षाघात हाताला झाला होता, कानाला नाही."

पडद्यावर होडीशेजारी अपियाचं चित्र आलं. चारी बाजूंनी उघडं घर, नुसते खांब. खांबांच्या आत चटयांवर आणि बाहेर गवतात, अख्खं गाव मांडी घालून बसलं होतं. कुणी हसत नव्हतं. मधोमध असोमुआ उभा होता, दोर डाव्या हाताला गुंडाळून. मी ज्याला महिनोन् महिने बैल समजत होते, तो वाळलेला, गळ्याच्या शिरा दिसणारा माणूस होता. लाउतुआ त्याच्याकडे बघत राहिला. किती वर्षांनी बघत होता, मी विचारलं नाही.

"सुरू," बेव्हन म्हणाला.

असोमुआने ओढलं. त्याच्या हृदयाचे ठोके लगेच चढले, ओढीची रेघ थरथरू लागली. थकणाऱ्या माणसाची रेघ अशीच असते. इतक्या महिन्यांत ती मला पहिल्यांदा दिसत होती. लाउतुआने दोर धरून ठेवला. होडी अर्ध्यावर डुलत होती.

"आता ओढा," मी हळूच म्हटलं.

त्याची मूठ आवळल्यासारखी वाटली. होडी जराशी इकडे आली. मग थांबली, आणि सावकाश, फार सावकाश, पलीकडच्या किनाऱ्याला लागली.

अपियात गाव उठून उभं राहिलं. कुणीतरी असोमुआच्या गळ्यात फुलांची माळ घातली. तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवून भावाला काहीतरी सुनावत होता. लाउतुआने मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

मी आकडा बघितला. गेल्या कित्येक आठवड्यांतला सर्वांत कमी.

"तुम्ही जोर लावला नाहीत," मी म्हटलं.

"लावला की."

"लाउतुआ, मी तुमचा हात ओळखते."

"आधी या पोरावर संशय, मग माझ्या भावावर, आता माझ्यावर." त्याने खुर्चीवर थाप मारली. "उद्या हिच्यावर घ्याल."

"दोर जाईल, हे मी सांगितलं होतं."

लाउतुआने मान वळवली. पडद्यावर बायका असोमुआला खुर्चीत बसवत होत्या.

"तो किती म्हातारा झालाय, पाहिलंत ना," तो म्हणाला. "सगळं गाव बसलं होतं, डॉक्टर."

बेव्हन माझ्या कानाशी आला. "लिही ना, की त्याने हात राखला म्हणून."

"पुरावा?"

पुरावा नव्हता. छातीचा पट्टा काहीच ठाम सांगत नव्हता. भावाला बघून चढलेले ठोके आणि ओढून चढलेले ठोके वेगळे काढायची रीत मला माहीत नाही. मी आला तो आकडा भरला, मंगळवारची तार मीच काढली हेही लिहिलं आणि खाली सही केली. शुक्रवारी हॉस्पिटलचा नकार आला. सोमवारी बेव्हनने भिंतीतला दोर उतरवला.

पण गुरुवारी, निघताना, लाउतुआने पट्टा स्वतः सोडला आणि कोट अंगात घातला. लोसा नेहमीसारखी गुंड्या लावायला पुढे झाली. तिचा हात त्याला दिसलाच नाही, किंवा दिसला नाही असं त्याने दाखवलं. गुंड्या त्याने डाव्या हाताने लावल्या, वरपासून खालपर्यंत, माझ्याकडे न बघता.